तलाव गावाचा, नाव कोणाची?

२०२१ साली पाण्यावरच्या सुरक्षिततेसाठी कागदावर पुष्कळ काम झालं. एप्रिलच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बुडून होणाऱ्या मृत्यूंबाबत पहिला ठराव केला आणि २५ जुलै हा दिवस त्या कामाला दिला. ११ ऑगस्टला अंतर्देशीय जलयानांच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि १९१७ पासून चालत आलेल्या कायद्याची जागा घ्यायला दुसरा कायदा तयार झाला. २४ ऑगस्टला महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने साहसी पर्यटनाचा शासन निर्णय काढला. जमीन, हवा आणि पाणी या तिन्ही ठिकाणचे खेळ त्यात आले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १४ सप्टेंबरला, अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेसाठी जमलेले नातलग धबधबा पाहायला निघाले होते. अकरा जण गेले.

तीन आठवड्यांत कोणताही शासन निर्णय नदीच्या घाटापर्यंत पोचत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण त्याला आता वर्षं लोटली. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या पाण्यांवर आज फिरलं तर नियम कुठे पोचले आणि कुठे अडले, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. नियम कमी नाहीत, उलट जरा जास्तच आहेत. अडचण अशी की एकेका तलावाला चार-चार मालक आहेत आणि त्यावर चालणाऱ्या नावेला एकही नाही.

आधी मालकांचं पाहू. अमरावती शहरातले वडाळी आणि छत्री हे दोन तलाव महापालिकेच्या हद्दीत येतात. शहराला पाणी देणारं मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण, म्हणजे कागदोपत्री नल-दमयंती सागर, जलसंपदा विभागाचं. अकोल्याला पाणी देणारं महानचं काटेपूर्णा धरण त्याच विभागाचं, पण त्याला लागून अभयारण्य आहे, म्हणून तिथे वनविभागाचाही शब्द चालतो. मेळघाटात कोलकासला सिपना नदीवरची नौकाविहाराची मजा व्याघ्र प्रकल्पाच्या अखत्यारीत. चिखलदऱ्याला शक्कर तलाव. तेल्हाऱ्याकडे वान प्रकल्प. याशिवाय जिल्हा परिषदेचे पाझर तलाव, ग्रामपंचायतीचे गावतलाव. या सगळ्या पाण्यात मासे सोडण्याचा आणि धरण्याचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. म्हणजे भिंत एका खात्याची, पाणी दुसऱ्याचं, मासे तिसऱ्याचे आणि काठावरची झाडं चौथ्याची. रविवारी मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाला या वाटणीशी काही देणंघेणं नसतं. त्यांना काठाला बांधलेली नाव दिसते.

ती नाव बहुधा भोई समाजातल्या कोणाची तरी असते आणि जाळं टाकायला केलेली असते. तिचा तळ उथळ, काठ बुटके. एक माणूस वल्हवतो, दुसरा जाळं सोडतो, मध्ये मासळीची टोपली. या कामासाठी ती उत्तम. पण सुट्टीच्या दिवशी कोणी म्हणतं, “दादा, एक चक्कर मारून आणता का?” आणि दिवसभराच्या मासळीत मिळत नाहीत तेवढे पैसे दोन चकरांत सुटतात. नावाडी नाही कसं म्हणणार? आणि बसणारा बिचकला तर ठरलेलं उत्तर आहेच: “काई होत नाई भाऊ, बसा.” बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. त्यामुळेच ही सवय इतकी घट्ट झाली आहे.

नवा अंतर्देशीय जलयान कायदा जून २०२२ पासून लागू आहे. यंत्रावर चालणाऱ्या प्रत्येक नौकेची नोंदणी, ठरावीक काळाने तपासणी, चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र आणि विमा या गोष्टी त्याने बंधनकारक केल्या. नदी, कालवा, तलाव हे सगळं त्याच्या व्याख्येत बसतं. म्हणजे धरणाच्या पाण्यात कोणी मोटारबोट चालवत असेल, तर तो या कायद्याखाली येतोच. वल्ह्याच्या नावेसाठी याच कायद्यात वेगळं प्रकरण आहे. अशा नावा ओळखणं, त्यांची माहिती ठेवणं, बांधणी आणि सुरक्षिततेबद्दल नावाड्यांना मार्गदर्शन करणं, ही कामं राज्य सरकारने जिल्हा, तालुका आणि गावपातळीवरच्या स्थानिक संस्थांकडे सोपवावीत अशी तिथे योजना आहे. हे प्रकरण मला सगळ्या कायद्यात सर्वांत शहाणं वाटतं. मुंबईत बसलेल्या सागरी मंडळाने पाझर तलावातला डोंगा मोजायला यावं, अशी अपेक्षा कोणीच करू नये. ते काम सरपंच, ग्रामसेवक आणि तलावाचा ठेका घेतलेल्या संस्थेनेच करायचं आहे. पण तुमच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात नावांची नोंदवही आहे का, असं विचारून पाहा. जन्म-मृत्यूची आहे, घरपट्टीची आहे, नावांची मात्र क्वचितच सापडेल.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१७ मध्ये नावांच्या सुरक्षिततेवर मार्गदर्शक सूचना काढल्या. नावेवर भाररेषा रंगवावी, किती माणसं बसणार ते लिहावं, निघण्याआधी प्रवाशांना दोन शब्द सांगावेत, हवा बिघडली तर नाव सोडू नये. या सगळ्या गोष्टी त्यात आहेत आणि त्या कळायला कोणी इंजिनिअर असावं लागत नाही. गोव्यात केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. ती जीवरक्षक आणि बोटचालकांना शिकवते. ज्ञान, कायदा आणि प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी देशात हाताशी आहेत.

तरी नावा उलटतात. कशा उलटतात ते ओळीने पाहिलं तर लक्षात येतं की कारणं मोजकीच आहेत आणि तीच ती पुन्हा येतात.

९ जुलै २०१७ला नागपूरजवळच्या वेणा धरणात तरुणांची नाव बुडाली, आठ जण गेले. त्याच नावेवरून मोबाईलवर चित्रण सुरू होतं, हे तेव्हाच्या बातम्यांतून सगळ्यांनी पाहिलं. १३ जानेवारी २०१८ला डहाणूच्या समुद्रात कॉलेजच्या मुलामुलींची बोट उलटली, तीन मुली गेल्या. २३ जानेवारी २०२४ला गडचिरोलीत चामोर्शीकडे मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायांची नाव वैनगंगेत उलटली, सहा जणी गेल्या. त्याच वर्षी २१ मेला उजनीच्या जलाशयात करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे जाणारी बोट वादळात सापडली, सहा जण गेले. १८ डिसेंबरला मुंबईत नौदलाच्या वेगवान बोटीने नीलकमल या प्रवासी बोटीला धडक दिली, पंधरा जण गेले.

यातला प्रत्येक अपघात वेगळा. वैनगंगेवरच्या बायांना मजा करायची नव्हती. त्यांना पलीकडच्या शेतात हजेरी भरायची होती आणि पूल दूर होता. त्यांच्यासाठी नौकाविहाराचे नियम लिहून भागत नाही, तिथे पूलच हवा, किंवा सरकारी देखरेखीखालची नाव हवी. उजनीचं कारण हवा. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर आभाळ काळवंडतं आणि अर्ध्या तासात वावटळ येते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मोठ्या जलाशयाच्या मध्यावर त्या वाऱ्याला अडवायला काहीच नसतं, लाटा चारी बाजूंनी आपटतात आणि उथळ नाव भरायला मिनिटं पुरतात. एप्रिल ते जूनमध्ये दुपारी चारनंतर धरणात नाव सोडायची नाही, एवढा एक नियम कोणी पाळला तरी उजनीसारखं संकट निम्म्याने टळेल असं माझं मत आहे.

मुंबईतली धडक सोडली तर बाकीच्या अपघातांत माणसांची संख्या आणि माणसांची हालचाल हीच दोन कारणं आलटून पालटून येतात. वजन वाढलं की नाव खाली बसते आणि काठ पाण्याजवळ येतो. तोवर ठीक असतं. मग कोणीतरी फोटोसाठी उभं राहतं. वजन वर सरकतं, नाव एका अंगाला कलते, घाबरून दोघे-तिघे दुसऱ्या अंगाला सरकतात, नाव उलट बाजूला जास्तच कलते, काठावरून पाणी आत येतं. आत आलेलं पाणी नेहमी कललेल्या बाजूलाच धावतं, त्यामुळे एकदा कललेली भरलेली नाव आपणहून सरळ होत नाही. नावाडी कितीही जुना असो, या टप्प्यावर त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून जे करायचं ते काठावरच करायला हवं: माणसं मोजायची, बसवायची, आणि उठायचं नाही म्हणून बजावायचं.

तलावाच्या प्रश्नाला सर्वांत जवळचं प्रकरण मात्र महाराष्ट्रातलं नाही. १८ जानेवारी २०२४ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल बुडाली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तलाव महापालिकेचा, चालवायला ठेकेदाराला दिलेला. बोटीत क्षमतेच्या जवळपास दुप्पट माणसं होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ठेका कसा दिला, कोणी दिला, देखरेख कोणाची होती, हे प्रश्न थेट महापालिकेच्या अधिकाऱ्यांपर्यंत नेले. हे महत्त्वाचं आहे. एरवी अशा अपघातानंतर नावाडी आणि फार तर ठेकेदार पकडला जातो, तलावाचा मालक श्रद्धांजली वाहून मोकळा होतो. तलाव शहराच्या मधोमध, पाणी शांत, काठ जवळ, तरी चौदा जीव गेले. वडाळी किंवा छत्री तलावावर नौकाविहार असावा की नसावा, याची चर्चा अमरावतीत जेव्हा जेव्हा होते, तेव्हा हरणीच्या निविदेतल्या अटी आणि त्यांचं काय झालं, हे आधी वाचून घ्यायला हवं.

केरळाने हे दोनदा अनुभवलं. ३० सप्टेंबर २००९ला थेक्कडीत पर्यटन महामंडळाचीच बोट उलटून पंचेचाळीस जण गेले. चौदा वर्षांनी, ७ मे २०२३ला तानूरला बावीस जण गेले. तिथे मासेमारीच्या बोटीचं रूपांतर करून प्रवासी बोट केली होती आणि ती संध्याकाळ उलटून गेल्यावर निघाली होती. पाण्याच्या धंद्यात देशात सर्वांत पुढे असलेल्या राज्याची ही कथा. तेव्हा आपल्याकडे पाणी कमी, नावा कमी, म्हणून धोका कमी, असं समजायचं कारण नाही. उलट आपल्याकडे पाण्याची सवयच कमी. अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाचा पाण्याशी संबंध टँकर आणि नळाच्या वेळापत्रकापुरता. पोहता येणाऱ्यांचं प्रमाण किती असेल याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या घरात मोजून करावा.

आता लाईफ जॅकेट. याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळी चर्चा ‘होतं की नव्हतं’ इथेच थांबते. या दोन जिल्ह्यांतल्या एका तलावावर तिकीट खिडकीच्या मागे मी ती खिळ्यांना टांगलेली पाहिली. मूळचा केशरी रंग उन्हाने फिकट गुलाबी झालेला. एकाची कड उसवून आतला फोम बाहेर आलेला, तो दाबला तर भुगा होत होता. दुसऱ्याचं बक्कल नव्हतं, त्याऐवजी सुतळी बांधली होती. पाठीवर वजनाचा आकडा छापलेला असतो, तो एकाही जॅकेटवर वाचता येत नव्हता. लहान मुलाच्या मापाचं एकही नव्हतं. सहा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचं घातलं होतं आणि तिची हनुवटी त्यात बुडाली होती. ते घालून तिचे वडील निश्चिंत झाले होते. खिडकीवर मात्र पाटी होती: लाईफ जॅकेट घालणे बंधनकारक आहे.

पाण्यात माणसाचं वजन जवळपास नाहीसं होतं. तोंड वर ठेवायला मोठ्या माणसालाही चार-पाच किलोचाच आधार जास्तीचा लागतो. म्हणून तो जाडजूड फोम काम करतो. पण जॅकेट माणसाला वर उचलतं तेव्हा ते आधी स्वतः वर सरकतं. बक्कल सैल असेल तर ते डोक्यावरून निघून जातं, माणूस खालीच राहतो. मुलांच्या जॅकेटला पायांमधून येणारा पट्टा असतो, तो यासाठीच. तपासायची रीत साधी आहे: जॅकेट घालून सगळी बक्कलं लावायची आणि दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढायचं. ते कानांपर्यंत आलं तर माप चुकलं. उन्हात वर्षानुवर्षं टांगलेला फोम पाणी पितो, त्यामुळे असं जॅकेट अंगावर असून नसल्यासारखं. महापालिका असो की संस्था, जॅकेटची खरेदी एकदा होते आणि ती सांभाळायचा खर्च अंदाजपत्रकात कधीच नसतो.

अमेरिकेत घरमालकांच्या संघांचे खासगी तलाव असतात, अगदी कॉलनीच्या बागेसारखे. तिथे गेलेली आपल्याकडची मंडळी सांगतात की घर घेताना तलावाच्या नियमांचं पुस्तक हातात पडतं आणि आधी त्याचं हसू येतं. प्रत्येक बोटीवर संघाचा क्रमांक चिकटवलेला हवा, सगळ्यांनी एकाच दिशेने फेरी मारायची, काठाजवळ लाट उठणार नाही इतक्या सावकाश जायचं, अमुक वाजल्यानंतर मोटार बंद. शिवाय तेरा वर्षांखालच्या मुलाच्या अंगात चालत्या बोटीवर जॅकेट हवंच, असा तिथला केंद्रीय नियम आहे. इतकं असूनही तिथल्या तटरक्षक दलाचे दरवर्षीचे आकडे सांगतात की नौकाविहारात मरणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बुडून मरतात, आणि त्या बुडणाऱ्यांत दहांतल्या आठांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नसतं. म्हणजे माणसाचा स्वभाव तिथेही तोच. फरक एका गोष्टीत आहे. बोटीवर क्रमांक असल्यामुळे कोणी नियम मोडला तर कोणाला जाब विचारायचा हे ठरलेलं असतं, आणि जाब विचारणारा शेजारीच असतो.

आपल्या गावतलावाला हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी गावाच्या इतर व्यवस्था आठवाव्यात. पाणीवापर संस्था कालव्याच्या पाळ्या ठरवतात, त्यावरून भांडणं होतात आणि तरी पाळ्या चालतात. मेळघाटात ज्या गावांनी कुऱ्हाडबंदी केली, तिथे ती कायद्याच्या धाकाने झाली नाही. तलावावर कोणाच्या नावा चालतात हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक असतं. म्हणजे निम्मी नोंदणी झालेलीच आहे, लिहून काढायची राहिली आहे.

इथे एका सवयीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, आणि ती प्रशासनाची आहे. अपघात झाला की बंदी. तलावावर फलक लागतो, चार दिवस पोलीस उभा राहतो, वर्तमानपत्रात बातमी येते. पावसाळा सरतो, पोलीस दुसऱ्या बंदोबस्ताला जातो, नाव पुन्हा पाण्यात येते. मात्र आता ती चोरून चालते. चोरून चालणाऱ्या नावेत जॅकेट नसतं, कारण जॅकेट दिसलं तर धंदा दिसतो. ती घाटावरून सुटत नाही, आडबाजूच्या गाळातून सुटते. सांज झाल्यावर सुटते. बंदीमुळे धोका कमी न होता फक्त नजरेआड होतो. आणि यात मार बसतो तो भोई कुटुंबाला. संस्थेचा ठेका, मासळीचा पडता भाव, उन्हाळ्यात आटणारं पाणी, या सगळ्यातून त्याला जो थोडा जोड-पैसा मिळत होता, तोही गुन्हा ठरतो. माझ्या मते त्याला परवाना द्यावा, संस्थेमार्फत एक रुंद आणि जड नाव घ्यायला कर्ज द्यावं, आणि मासे धरायच्या डोंग्यात पर्यटक बसवायचा नाही ही एकच अट कडक ठेवावी. पाणी, खडक, बुडालेल्या बाभळींचे बुंधे, कोणी कुठे जाळं लावलं आहे, ही माहिती त्याच्याइतकी कोणाला नाही. बाहेरचा ठेकेदार ती कुठून आणणार?

या बुंध्यांचं आणि जाळ्यांचं महत्त्व पोहणाऱ्यालाच कळतं. धरणाच्या बुडीत क्षेत्रात एकेकाळी शेतं, बांध, झाडं होती. पाणी उतरत जातं तसे त्यांचे शेंडे पृष्ठभागाच्या खाली हातभर येतात. नाव त्यावर अडते आणि एकदम तिरपी होते. पडलेला माणूस पोहणारा असला तरी गाळात पाय रुततो किंवा नायलॉनच्या बारीक जाळ्यात अडकतो. नदीच्या वाहत्या पाण्यापेक्षा तलावाचं उभं पाणी सुरक्षित, हा समज म्हणूनच अर्धाच खरा.

वऱ्हाडात खऱ्या अर्थाने खासगी असलेलं पाणी म्हणजे शेततळं. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात ती बागेबागेत दिसतात. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर इतरत्रही वाढली. अलीकडे कृषी पर्यटनाच्या नादाने एखाद्या तळ्यात पेडल बोटही येते. बोट हा तिथला दुय्यम धोका. मुख्य धोका तळाला अंथरलेल्या प्लास्टिकचा. ओल्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की त्याच्या उतारावर हातापायाला धरायला काही मिळत नाही, आणि पट्टीचा पोहणारासुद्धा काठाला लागून बाहेर येऊ शकत नाही. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघे जातात. उपाय साधा आहे: चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले दोर आत सोडलेले, त्यांना बांधलेली गाडीची जुनी ट्यूब, आणि काठाला कुंपण. अनुदानाचा शेवटचा हप्ता या तीन गोष्टींचा फोटो पाहिल्याशिवाय देऊ नये, एवढं कृषी खात्याला सहज करता येईल.

बुडणाऱ्याला वाचवायला कोण येतं, हाही प्रश्न आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची ठाणी धुळे आणि नागपूरला आहेत. नागपूरहून अमरावती दीडशे किलोमीटर, अकोला अडीचशे. बुडणाऱ्या माणसाकडे मिनिटं असतात. दल येतं ते मृतदेह शोधायला, आणि ते काम ते चोख करतं. त्याआधीच्या मिनिटांत काठावर असलेला माणूसच काय ते करू शकतो. अकोला जिल्ह्यात पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक गेली कित्येक वर्षं हे काम स्वयंसेवेने करतं आहे. पूर, डोह, विहीर, कुठूनही हाक आली की ही मंडळी निघतात. श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराला कावडीने जल वाहण्यासाठी हजारो तरुण गांधीग्रामला पूर्णेच्या पात्रात उतरतात, तेव्हा घाटावर शोध-बचाव पथकं आणि पोहणारे तैनात असतात. म्हणजे गर्दी ठरलेली असली, तारीख माहीत असली की प्रशासन आणि समाज मिळून पाण्याची व्यवस्था नीट लावू शकतात. रविवारची तलावावरची गर्दीही ठरलेलीच असते. तिच्यासाठी कोणी एक पोहणारा, एक दोर आणि एक ट्यूब ठेवत नाही, कारण त्या गर्दीचा कोणी आयोजक नसतो.

प्रमाणाचं भान सुटू नये म्हणून हेही सांगायला हवं की देशात दरवर्षी पस्तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात आणि त्यात नाव उलटून मरणारे थोडे असतात. बहुतेक जण विहिरीत, कालव्यात, डोहात, काठावरून पाय घसरून जातात. वान प्रकल्पाच्या परिसरात वारी भैरवगडचा मामा-भाचा डोह त्यासाठीच कुप्रसिद्ध आहे. तरी नावेचा प्रश्न वेगळा काढून सोडवण्यासारखा आहे, कारण इथे तिकीट घेणारा कोणीतरी असतो. डोहात उडी मारणाऱ्याला अडवायला कोणी नसतं. नावेत बसणाऱ्याला मात्र एक माणूस हात धरून बसवत असतो आणि पैसे घेत असतो.

अशा माणसाला कायदा काय सांगतो? भाड्याने माणसं नेताना नाव धोकादायक असेल किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४ प्रमाणे तो गुन्हा आहे. त्यासाठी अपघात व्हावा लागत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हाच दंड एक हजार रुपये होता. अपघात होण्याआधी हे कलम लावल्याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत शोधावी लागेल. सुट्टीच्या दिवशी तलावावर एक हवालदार पाठवून दोन नावांवर ते लावलं, तर ‘काई होत नाई’ म्हणणाऱ्यांचा सूर बदलेल. पण मी आधी सांगितलं तसं, परवाना देण्याची वाट उघडल्याशिवाय नुसतं कलम लावणं म्हणजे गरिबाला झोडपणं. दोन्ही बरोबर व्हायला हवं.

काम पावसाळ्याआधी सुरू करायचं असेल तर १ मेची ग्रामसभा आहे, ती हुकली तर १५ ऑगस्टची. विषयपत्रिकेवर विषय यावा म्हणून आधी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो. ज्यांच्या गावाला तलाव आहे त्यांनी तो द्यावा. मागण्या थोड्याच ठेवाव्यात: तलावातल्या सगळ्या नावांची नोंदवही, प्रत्येक नावेवर क्रमांक आणि माणसांचा आकडा ठळक रंगवलेला, पर्यटकांना कोणत्या नावेत बसवायचं आणि कोणत्या नाही याचा ठराव, अंधार पडल्यावर, वारा सुटल्यावर किंवा दारू प्यायलेल्याला घेऊन नाव सोडायची नाही हा नियम, घाटावर दोर आणि ट्यूब, आणि या सगळ्याला जबाबदार असलेल्या एका माणसाचं नाव व फोन क्रमांक फलकावर. ठरावाची एक प्रत तहसीलदाराला, एक पोलीस ठाण्याला आणि एक तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेला पाठवावी, आणि तिन्ही ठिकाणची पोच घेऊन ठेवावी.